ओवीचे दोन चेहरे

वैजयंती इंगवले शिल्पकार म्हणून जेवढ्या मोठ्या, तेवढ्याच शिक्षिका म्हणून वाईट, हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या कळंब्याच्या स्टुडिओत शिकायला गेलेलं पोर सहसा महिन्याभरात तोंड पाडून परत यायचं. बाई ओरडायच्या नाहीत, टाकून बोलायच्या नाहीत. विद्यार्थ्याच्या कामासमोर क्षणभर उभ्या राहायच्या, 'मोड' म्हणायच्या आणि आपल्या स्टँडकडे वळायच्या. का मोडायचं, हे विचारायची सोय नसे. त्यांना स्वतःला त्यांच्या गुरूंनी असंच शिकवलं होतं. शिवाय माणसाचा चेहरा मातीत उतरवणं ही मुळात शिकवायची गोष्टच नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

चेहरा वाचण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. समोर बसलेला माणूस काय झाकतोय, ते त्यांच्या बोटांना आधी कळायचं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी आपला अर्धपुतळा पाहिला आणि तो घरी न्यायला साफ नकार दिला. आठवड्याने त्यांच्या पत्नी स्वतः गाडी घेऊन आल्या आणि पुतळा घेऊन गेल्या.

बाईंनी साठी ओलांडली तोवर हा सगळा धंदाच बदलून गेला होता. माणसाला काचेच्या खोलीत उभं करायचं, चारी बाजूंनी किरण फिरवायचे, की तासाभरात धातूचा हुबेहूब पुतळा तयार. चौकाचौकांत तसेच पुतळे उभे राहिले होते. लोक बघायचे, 'अगदी तस्सेच आहेत' म्हणायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्यांदा मान वळवून कोणी बघत नसे.

कोणी का बघत नाही, हा प्रश्न डॉ. यशोधन पाटणकरला पडला होता. तो एके काळचा बाईंचा विद्यार्थी. दोन वर्षं माती मळून त्याने ती वाट सोडली, मेंदूविज्ञान शिकला, बंगळूरला नाव कमावलं आणि परत येऊन पन्हाळा रस्त्यावर 'कलाबोध' नावाचं संशोधन केंद्र उभं केलं. एका सकाळी तो बाईंच्या स्टुडिओत आला. त्याच्या तळहातावर चांदीच्या कुड्यासारखी एक छोटी वस्तू होती.

"हिला आम्ही कर्णिका म्हणतो," तो म्हणाला. "कानाच्या आतल्या वाटीत बसते."

"आणि काय करते?"

"ऐकते. बाई, आपल्याला वाटतं मेंदू हुकूम देतो आणि शरीर ऐकतं. पण शरीरसुद्धा मेंदूला सारखं काहीतरी कळवत असतं. छातीची धडधड, श्वास, पोटातला गोळा. व्हेगस नावाची एक लांब नस आहे, तिच्यातून हे सगळे निरोप वर जातात. आत्ता आपल्याला भीती वाटतेय की माया, ते मेंदू बऱ्याच अंशी त्या निरोपांवरून ठरवतो. त्या नसेची एक बारीक फांदी कानात येते. तिथं कान लावला की आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो."

"मग?"

"तुमचं बोट मातीवर दाबायच्या आधी क्षणभर थांबतं. मी दोन वर्षं ते बघितलंय. त्या क्षणात आत काहीतरी हलतं आणि मग बोट दाबतं. काचेच्या खोलीतल्या यंत्राचं काही हलत नाही, म्हणून त्याच्या पुतळ्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, असं मला वाटतं. ते हलणं मला मोजायचंय. आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं का, तेही बघायचंय. त्यासाठी तुम्हाला एक विद्यार्थी लागेल."

"मला शिकवता येत नाही, यशोधन."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि हसला.

बाईंनी होकार दिला. त्यांच्यामागे हे काम करणारं कोणी उरणार नाही, ही बोच मनात होतीच. आणि नुसतं मोजण्याने काय बिघडणार होतं?

विद्यार्थिनी म्हणून आली ती ओवी तोडकर. एकोणीस वर्षांची, गारगोटीची, मावशीच्या घरी वाढलेली. तिकडच्या मुलींसारखं 'मी येतो, मी करतो' असं बोलायची. मावशीच्या घरात आपण जास्तीचे आहोत हे लहानपणीच कळल्यामुळे ती कुठेही अंग चोरून उभी राहायची. पहिले काही दिवस बाई कानात कर्णिका घालून तिच्या कामासमोर थांबत, 'मोड' म्हणत, आणि ओवी निमूटपणे मोडत असे.

मग काहीतरी बदललं. कधी, ते बाईंना सांगता आलं नसतं. एका सकाळी ओवी गालाचं हाड करत होती आणि नेहमीसारखं चुकत होती. बाईंच्या तोंडी शब्द आलाच होता. तेवढ्यात त्यांच्या छातीत काहीतरी सैल झालं, ऊन पाण्यात बसल्यावर अंग सैल होतं तसं. त्यांनी ओवीचा अंगठा आपल्या हातात घेतला.

"हाड बाहेरून लावायचं नसतं गं," त्या म्हणाल्या. "ते आतून वर येतं. आधी डोळे मिटून स्वतःचा गाल चाचप. आता तोच अंगठा मातीवर ठेव. थांब. लगेच दाबू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला 'का' ते सांगितलं होतं.

त्यानंतर त्या सांगतच राहिल्या. आपल्याला एवढं ठाऊक आहे, हेच त्यांना नवीन होतं. ओवीची सायकल फाटकाशी वाजली की त्यांना बरं वाटायचं. तिने डबा आणला नसेल तर त्या स्वतः पोहे करायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं दुःखही कधी केलं नव्हतं. आपल्या आत हे असं काही पडून होतं आणि ते एवढ्या उशिरा वर आलं, याचं त्यांना नवल वाटे. ओवीचा हात महिन्यामहिन्याला सुधारत होता. तिचं अंग चोरणं गेलं. ती स्टुडिओत मोठ्याने हसू लागली.

दुसऱ्या वर्षी बाईंनी ओवीलाच समोर बसवलं आणि तिचं डोकं घडवलं. ते काम त्यांच्या हातून जसं काही आपोआप झालं. किंचित वर उचललेली हनुवटी, आत्ता काहीतरी विचारेल असे ओठ, आणि कोणीतरी आपल्याकडे बघतंय या आनंदाने उघडलेले डोळे. यशोधन ते बघायला आला तेव्हा त्याच्याभोवती दोनदा फिरला.

"बाई, हे तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे," शेवटी तो म्हणाला.

बाईंनाही तसंच वाटत होतं. डोकं ब्राँझमध्ये ओतून झालं आणि केंद्राच्या दालनात ठेवायला गेलं.

पुढे काही दिवसांनी त्यांचा कान दुखू लागला. कर्णिका लावायची त्या जागी आग होत होती. त्यांनी राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत बघितलं, मग कर्णिका हातात घेऊन भिंगाखाली धरली.

"हे काय मोजतं म्हणालात?"

"आतलं. म्हणजे भावना वगैरे."

"नुसतं मोजणाऱ्या यंत्राने कातडीवर अशी खूण पडत नाही, बाई. हे दोन ठिपके बघा. इथून वीज जाते. अगदी बारीक, तुम्हाला जाणवणारही नाही. अशी यंत्रं आम्ही वापरतो. मन उदास असलेल्या लोकांना देतो, धडधड कमी करायला देतो." त्यांनी कर्णिका परत दिली. "हे ऐकत असेल, पण बोलतंयसुद्धा."

तिथून बाई थेट पन्हाळा रस्त्याला गेल्या. यशोधन त्याच्या खोलीत होता. त्यांनी कर्णिका टेबलावर ठेवली.

"ही मला काय करत होती?"

तो खोटं बोलला नाही. एवढं श्रेय बाईंनी त्याला नंतरही दिलं.

"बसा," तो म्हणाला. त्या बसल्या नाहीत, म्हणून तोही उभा राहिला. "पहिले काही दिवस आम्ही फक्त ऐकलं. ओवी समोर असताना तुमच्या आत क्वचित, अगदी क्वचित, थोडासा ओलावा यायचा आणि विरून जायचा. तो आला की कर्णिका नसेला हलकासा स्पर्श करायची. अंग शांत व्हायचं, बरं वाटायचं. हळूहळू तुमच्या शरीराने ती गाठ मारून घेतली, की ही मुलगी म्हणजे बरं वाटणं. आम्ही काही निर्माण केलं नाही, बाई. वात होती. आम्ही फक्त ती वर केली."

"वात केवढी होती?"

त्याने टेबलावरची कर्णिका उचलून बोटांत फिरवली.

"मी तुला मोजायला परवानगी दिली होती."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात."

"आणि ओवीलासुद्धा घालवून दिलं असतंत. माझ्यासारखंच." आता त्याचा आवाज चढला. "दोन वर्षं मी तुमच्यासमोर माती मळली. माझं आडनाव पाटणकर की पाटील, ते तुम्हाला आठवायचं नाही. मला वाटायचं माझ्यातच खोट आहे. पुढं अभ्यास केल्यावर कळलं, शिकवणाऱ्याच्या मनात शिकणाऱ्याबद्दल काहीच नसेल तर हात शिकतच नाही. तुमच्यात काय कमी आहे ते मला सापडलं, आणि मी ते भरून काढलं. पुढच्या वर्षी राज्यातल्या कलाशिक्षकांना कर्णिका द्यायचा विचार चालू आहे."

"त्यांना सांगून?"

"सांगितलं की परिणाम कमी होतो."

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. एक प्रश्न राहिला होता, आणि तो न विचारताच निघून जावं असं त्यांना फार वाटत होतं.

"ओवीला माहीत आहे?"

यशोधनने टेबलाकडे बघितलं. "सुरुवातीपासून. तिच्याच कानावर आधी चाचणी केली होती. तुम्हाला कळलं तर सगळं थांबेल, एवढं आम्ही तिला सांगितलं होतं."

बाई स्टुडिओत परतल्या तेव्हा ओवी माती भिजवत बसली होती. बाईंचा उघडा कान तिने बघितला आणि ती उठून उभी राहिली. काही विचारायची गरज पडली नाही.

"कधी सांगणार होतीस?"

"सांगणार न्हवतो," ओवी म्हणाली.

"का?"

तिने हातातली माती दाबली. "आधी शिकायला मिळतंय म्हणून. तुमच्याकडं कुणीच टिकत न्हाई, हे मला ठावं होतं. मग दुसरंच झालं. बाई, माझ्यावर आजवर कुणी एवढा जीव लावला न्हवता. तुम्ही पोहे करायचा. मी यायच्या आधी माझं स्टँड पुसून ठेवायचा. मला ठावं होतं ते कशामुळं होतंय. रोज वाटायचं, आज सांगतो. आणि रोज वाटायचं, आजचा दिवस मिळू दे."

"खोटा दिवस."

"व्हय. खोटा का असंना."

यशोधनचा बाईंना राग आला होता. हे मात्र रागापेक्षा वेगळं होतं. जन्मभर त्यांनी लोकांचे चेहरे वाचले होते. ही मुलगी कित्येक तास त्यांच्यासमोर बसली होती, तिच्या पापणीची कड न् कड त्यांनी बोटांनी चाचपली होती, आणि तिथं काय झाकलंय ते त्यांना दिसलं नव्हतं. मायेने त्यांना शिकवायला लावलं आणि त्यांची नजरच काढून घेतली. ब्राँझमधले ते उघडे, आनंदी डोळे ज्या मुलीचे होते, ती मुलगी कधी नव्हतीच.

"जा," त्या म्हणाल्या. ओवी गेली.

केंद्राने कलाशिक्षकांची सभा बोलावली होती, तिला बाई न बोलावता गेल्या. ब्राँझचं ते डोकं दालनाच्या मधोमध ठेवलं होतं आणि लोक त्याच्याकडे वळून वळून बघत होते. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. कानातली वीज, दोन वर्षं, न विचारता. दालनात कुजबुज झाली. दोघं-तिघं तावातावाने बोलले, वर्तमानपत्रात आलं आणि शिक्षकांना कर्णिका द्यायचा बेत तूर्त बाजूला पडला. पण सभा सुटल्यावर सांगलीकडच्या एक वयस्क शिक्षिका बाईंना जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "एक विचारू? ती दोन वर्षं तुम्हाला कशी गेली?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"आयुष्यातली सगळ्यात चांगली," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्यानंतर स्टुडिओत त्यांचं कामात लक्ष लागेना. कर्णिका नव्हती, वीज नव्हती, तरी फाटक वाजलं की अंगात ती ऊब यायची. शरीराने मारलेली गाठ मशीन काढल्याने सुटत नाही, हे त्यांना आता कळत होतं. त्यातलं स्वतःचं किती आणि घातलेलं किती, हे निवडता येत नव्हतं. शेवटी त्यांनी ओवीला निरोप धाडला.

ती आली तशी बाईंनी खुर्चीकडे बोट केलं. "बस."

ओवी बसली. बाईंनी सांगाड्यावर माती चढवली आणि तिचं दुसरं डोकं करायला घेतलं. बोलणं नाही. रोज ओवी यायची, बसायची, जायची. या वेळी बाईंना सगळं दिसत होतं. खालच्या पापणीत साठवलेलं गुपित, आत्ता विचारतील या धास्तीने आखडलेली मान, नजर देतादेता मागे घेणं. बाईंची बोटं भराभर चालत होती. त्यांच्याच ज्या हाताने त्यांना फसवलं होतं, त्याच हाताकडून त्या सगळं वसूल करत होत्या.

काम पुरं झालं तेव्हा त्यांनी स्टँड फिरवून ओवीपुढे केलं.

ओवी उठली. तिने आधी समोरून बघितलं, मग दोन्ही बाजूंनी, बाईंनीच शिकवलं होतं तसं. बाई तिच्या रडण्याची वाट बघत होत्या. ती रडली नाही.

"डोळे माझेच आहेत," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं असंच बघत होतो. मानसुद्धा बरोबर आहे." मग तिने ओठांच्या कोपऱ्याशी बोट नेलं, पण लावलं नाही. "हे मात्र माझं न्हाई, बाई. एवढं खाली न्हाई माझं तोंड. इथं तुमचा राग आहे."

बाई काही बोलणार होत्या. मग त्यांनी मुलीकडे बघितलं, मातीकडे बघितलं, पुन्हा मुलीकडे बघितलं. ओवीचं म्हणणं खरं होतं. तो कोपरा त्यांनी पाहून केला नव्हता, दुखवायचं म्हणून दाबला होता. पहिल्या डोक्यात माया खोटं बोलली होती. या दुसऱ्यात त्यांचा स्वतःचा, कुणी न घातलेला, अस्सल रागही खोटं बोलला होता.

"कर मग बरोबर," त्या म्हणाल्या.

ओवीने अंगठा भिजवला आणि ओठाच्या कोपऱ्याजवळ नेला. तिथं तो थांबला. तिचा श्वास अडकलेला बाईंना दिसला. मग अंगठा एकदाच, हलकेच वर सरकला आणि चेहरा जुळला. समोरच्या मातीत आता एक मुलगी होती. अपराधी, घाबरलेली, आणि तरीही हावरटासारखी बघणारी. ती दुष्ट नव्हती आणि निरागसही नव्हती. दोन वर्षांत बाईंना न साधलेली ओवी ओवीच्याच अंगठ्याने एका दाबात आणली होती. तिच्या कानात काही नव्हतं. बाईंच्याही नव्हतं.

"हात धुऊन घे," बाई म्हणाल्या.

ओवीने बादलीत हात धुतले. "उद्या येऊ काय?"

"नको."

"राग गेला न्हाई अजून."

"तो जायचाही नाही. पण म्हणून नव्हे." बाईंनी ओला फडका पिळून मातीच्या डोक्यावर टाकला. "तुला आता माझी गरज नाही. आणि तू समोर असलीस की मला जे वाटतं, ते माझं की यशोधनने घातलेलं, हे मला कळत नाही. ते कळल्याशिवाय मला मातीला हात लावता येणार नाही."

"कधी कळलं तर?"

"तर मी निरोप देईन."

असा निरोप येणार नाही, हे दोघींना समजत होतं. ओवी पुढे आली आणि पायाशी वाकली. बाईंनी पाय मागे घेतले नाहीत. त्यांचा उजवा हात मात्र वर उठला, तिच्या डोक्याच्या दिशेने, अगदी सहज. तो आपण उचलला की तो आपला आपण उठला, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी तो खाली घेतला आणि मुलगी उठून दाराबाहेर जाईपर्यंत दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.